बघणारे हात

गेल्या आषाढात सोसायटीच्या जिन्यावरून पाय घसरला आणि उजव्या घोट्याला प्लास्टर पडलं. सहा आठवडे घराबाहेर पडायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. दुसऱ्याच दिवशी जर्मनीहून भाच्याचा फोन आला. तिकडे शिकायला जाताना तो त्याचं प्लेस्टेशन माझ्या कपाटात ठेवून गेला होता. "मावशी, काढ ते बाहेर. नुसती पडून राहू नकोस," तो म्हणाला. हो-नाही करत मी ते काढलं.

तीस वर्षं मी सिनेमांची वही ठेवते आहे. तारीख, थिएटर, दिग्दर्शकाचं नाव आणि खाली चार-पाच ओळी. त्या आषाढापासून डाव्या पानावर पाहिलेला सिनेमा आणि उजव्या पानावर खेळलेला गेम असं लिहायला लागले. पाय बरा झाला तरी सवय राहिली. त्या वहीतलंच थोडं इथे उतरवते आहे. तुमची वही अर्थातच वेगळी असेल.

१. ज्याच्याबद्दल मी सगळ्यात ठामपणे बोलत आले, ते मी फक्त मागून पाहिलं होतं. भाच्याचं खेळणं म्हणजे माझ्यासाठी त्याची वाकलेली मान, पुढ्यात गार होत चाललेलं ताट आणि "एकच मिनिट" हे उत्तर. पडद्यावर काय चाललंय, तो कुठे चाललाय, कोणाला वाचवतोय, हे दहा वर्षांत एकदाही विचारलं नाही. "वेळेची नासाडी" हा माझा ठरलेला शब्द. तो शब्द माझा नव्हताच. माझे वडील सिनेमाबद्दल हाच शब्द वापरायचे, आणि त्यांना लायब्ररीत जाते असं सांगून मी लॉ कॉलेज रस्त्यावर फिल्म अर्काइव्हला जात असे. कोणी सिनेमा न पाहता त्याला नावं ठेवली की मी तावातावाने भांडायचे. तीच मी, न खेळता, एका मुलाला दहा वर्षं बोलत राहिले. हे लक्षात आलं त्या दिवशी मी त्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ दे गं, तू निदान जेवायला तरी बोलवायचीस."

२. पन्नाशी ओलांडल्यावर हातांना काही नवीन शिकवायचं म्हणजे पुन्हा पाटी-पेन्सिल घेऊन बसणं असतं. पहिला गेम भाच्यानेच सुचवला, 'राजी'. "पुण्यातल्या लोकांनी केलाय," एवढं कारण मला पुरलं. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या छोट्या कंपनीने केलेला हा गेम २०२० साली आला. राजी ही डोंबारणीसारख्या कसरती करणारी मुलगी. तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, असुर पळवून नेतात आणि ती त्याला शोधायला निघते. भिंतीवर धावायचं, खांबाभोवती गिरकी घ्यायची, त्रिशूळ चालवायचा. डावा अंगठा चालण्यासाठी, उजवा उडीसाठी आणि वारासाठी. वाचायला सोपं वाटतं. पहिल्या संध्याकाळी माझी राजी एकाच कठड्यावरून इतक्यांदा दरीत पडली की माझे तळवे घामाने ओले झाले. डोळ्यांना कळत होतं, उडी कधी मारायची ते. अंगठ्याला कळत नव्हतं.

भाचा व्हिडिओ कॉलवर बघत होता. "थांब. आता नाही. खांब जवळ येऊ दे. हां, आता." आवाज एकदाही चढला नाही. त्याला ऐकताना मला आईची आठवण झाली. तिला मोबाइल शिकवताना मी म्हणाले होते, "अगं, हिरवं दाब म्हटलं ना, किती वेळा सांगू?" तिचा अंगठा हिरव्या बटणाच्या वर थरथरत थांबलेला मला आजही दिसतो. तो अंगठा आता माझा झाला होता.

गेमबद्दल माझं मत असं. भिंतींवरची चित्रं पाहत मी कितीतरी वेळ नुसती उभी राहिले. मधे मधे गोष्ट सावल्यांच्या बाहुल्यांमधून पुढे सरकते. तेव्हा कुडाळजवळच्या पिंगुळीला पाहिलेल्या ठाकरांच्या चामड्याच्या बाहुल्या आठवल्या, पडद्यामागच्या दिव्यात हलणाऱ्या. दुर्गा आणि विष्णू राजीकडे बघत एकमेकांशी बोलत असतात, तेही गोड वाटलं. लढाया मात्र पुढे पुढे एकसारख्या होतात, आणि शेवट संपल्यासारखा वाटत नाही. कोणीतरी मधेच पान फाडून नेल्यासारखा वाटतो. तरी आपल्या गावात बसून कोणीतरी हे केलं, याचा अभिमान वाटला. तो अजून गेलेला नाही.

३. पुन्हा पुन्हा तेच करायला लागणं, हे एकीकडे शिकणं असतं आणि दुसरीकडे शिक्षा. जयंत सोमलकर यांचा 'स्थळ' मी 'राजी'च्याच आठवड्यात पाहिला. २०२३ साली टोरांटोच्या महोत्सवात त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला आणि २०२५च्या मार्चमध्ये तो आपल्याकडे लागला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात, तिथल्याच माणसांना घेऊन केलेला. सविता समाजशास्त्र शिकते, तिला पुढे शिकायचंय, नोकरी करायचीये. पण घरात बघण्याचे कार्यक्रम चालू आहेत. पुरुष येतात, भिंतीला टेकून बसतात, पोह्यांच्या बशा फिरतात. मधोमध एक स्टूल. त्यावर सविता. नाव काय, शिक्षण किती, उंची किती. मग पुन्हा दुसरे पुरुष, तेच स्टूल, तेच प्रश्न.

आदल्या रात्री मी एका कठड्यावरून पडत होते आणि दर वेळी पुन्हा तिथूनच सुरुवात करत होते. पण दर पडण्यातून काहीतरी हाती लागत होतं. सविता त्याच स्टुलावर परत येते तेव्हा तिच्या हाती काही लागत नाही. उत्तर बरोबर द्या, चूक द्या, पुढची पायरी तिच्या हातात नाही. एकदा वाटलं, स्टुलाखाली पाय किंचित दुमडून ती उठली तर? माझा अंगठा चादरीवर खरोखरच हलला. सोमलकरांनी ते दृश्य पुन्हा पुन्हा दाखवून कंटाळा आणलाय अशी तक्रार मी एकीकडून ऐकली. मला वाटतं, तो कंटाळा सिनेमाचा प्राण आहे. सुरुवातीला एक स्वप्न आहे, त्यात मुलगा स्टुलावर बसतो आणि बायका प्रश्न विचारतात. थिएटरात लोक त्यावर हसले, असं मैत्रिणीने सांगितलं. मी घरी एकटी होते. मला हसू आलं नाही, कारण १९९९ साली मी अशा पाच खोल्यांमध्ये बसले आहे आणि प्रत्येक खोलीतल्या सतरंजीचा रंग मला सांगता येईल.

४. माणूस कसा आहे हे कळायला त्याचा चेहरा लागत नाही, त्याच्या घराच्या भिंती पुरतात. 'अनपॅकिंग' हा ऑस्ट्रेलियातल्या विच बीम या कंपनीचा २०२१चा गेम. करायचं एवढंच की खोक्यांमधून वस्तू काढायच्या आणि लावायच्या. एका मुलीची १९९७ ते २०१८ या काळातली आठ घरं. ती कुठेच दिसत नाही. तिची पुस्तकं, भांडी, चित्रकलेचं सामान दिसतं. एक मळका खेळण्यातला प्राणी घरोघर सोबत येतो.

२०१० साली ती एका पुरुषाच्या घरी राहायला जाते. तोही दिसत नाही. पण स्वयंपाकघराचे कप्पे त्याच्या सामानाने भरलेले, भिंतींवर त्याच्या तसबिरी. मी एकेक वस्तू सरकवून जागा करत होते. मग खोक्यातून तिची पदवी निघाली, चौकटीत बसवलेली. मी ती हॉलच्या भिंतीवर धरली. जागा नाही. झोपण्याच्या खोलीत, नाही. शेल्फावर उभी करून पाहिली, नाही. सगळी खोकी रिकामी झाली की चुकीच्या जागी असलेल्या वस्तूभोवती लाल रेघ येते. ती पदवी हातात घेऊन मी घरभर फिरले आणि सगळीकडे लाल रेघ. शेवटी ती पलंगाखाली गेली, तेव्हा रेघ गेली.

मी कंट्रोलर खाली ठेवला. १९९८ साली मी फिल्म ॲप्रिसिएशनचा कोर्स केला, महिनाभराचा. त्याचं प्रमाणपत्र मी लग्नानंतर सासरी आणलं होतं. तिथे कोणी वाईट वागलं नाही, कोणी काही बोललंही नाही. फक्त भिंतीवर जागा नव्हती. ते पत्र्याच्या ट्रंकेत गेलं आणि ट्रंक पलंगाखाली. त्या गोष्टीचं मला कधी दुःख झालं आहे, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. पायल कपाडियांच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'मध्ये छाया कदमांची पार्वती आहे, रत्नागिरीची, मुंबईच्या हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी. नवरा गेल्यावर तिच्याकडे खोलीचा एकही कागद नाही, म्हणून बिल्डर तिला बाहेर काढतो. आधी तो सिनेमा पाहिला तेव्हा मी वहीत छायाप्रकाशाबद्दल लिहिलं होतं. 'अनपॅकिंग'नंतर पुन्हा पाहिला आणि तिच्या सामानाची गाठोडी मोजत बसले.

ट्रंक अजून आहे. प्रमाणपत्र काढलं. वाळवीने एक कोपरा खाल्लाय, पण सही शाबूत आहे.

५. हात कामात असतात तेव्हा मन कुठे जातं, यावर माणसाचं सगळं अवलंबून असू शकतं. विम वेंडर्सच्या 'परफेक्ट डेज'मधला हिरायामा टोकियोतली सार्वजनिक स्वच्छतागृहं साफ करतो. शिबुया भागात नामवंत वास्तुरचनाकारांनी आणि डिझायनरांनी आखलेली अशी १७ स्वच्छतागृहं खरोखर आहेत, त्यांच्यावरूनच सिनेमाची सुरुवात झाली. कोजी याकुशोला यासाठी २०२३ साली कानमध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. मला सगळ्यात आवडला तो एक लहानसा आरसा. भांड्याच्या खालची बाजू, जी कोणी बघणार नाही, ती बघायला तो आरसा धरतो. त्याचं मन त्याच्या हातातच आहे.

दुसऱ्या दिवशी 'व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच' खेळले. त्यात लुइस नावाचा तरुण मासळीच्या कारखान्यात काम करतो. उजव्या स्टिकने मासा पकडायचा, पात्याखाली सरकवायचा, मुंडकं उडालं की पुढे टाकायचा. पुन्हा मासा. आणि त्याच वेळी डाव्या स्टिकने त्याच्या मनातल्या राज्यात फिरायचं, नावेतून, महालातून. ते राज्य हळूहळू पडदा व्यापत जातं. पण उजवा हात मासे कापतच असतो. मला कळलंच नाही कधीपासून मी न बघता कापते आहे. शेवट सांगत नाही. एवढंच सांगते की मी प्रुफं तपासते, बावीस वर्षं, आणि त्यानंतर दोन दिवस मला प्रुफाचा गठ्ठा उघडवेना.

हिरायामा आणि लुइस एकाच तऱ्हेच्या कामातून इतक्या वेगळ्या जागी का पोचतात, यावर मी बराच विचार केला. उत्तर सापडलं नाही. हिरायामाचं समाधान वेंडर्सनी जरा जास्तच नितळ दाखवलंय असं मात्र आता वाटतं. पहिल्यांदा पाहिला तेव्हा वाटलं नव्हतं.

६. काहीच न करता येणं, हा सिनेमाचा उणेपणा आहे असं मला मधे वाटायला लागलं होतं. 'साबर बोंडं'ने तो गैरसमज काढला. रोहन परशुराम कानवडे यांच्या या सिनेमाला २०२५ साली सनडान्सला परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, परदेशी कथापटांच्या विभागात. सप्टेंबरमध्ये तो इथे लागला तेव्हा प्लास्टर निघालं होतं, काठी घेऊन गेले.

वडील गेल्यावर आनंद मुंबईहून आईबरोबर गावी येतो. दहा दिवस सुतकाचे. हे करायचं नाही, ते खायचं नाही, हे नियम, आणि त्याहून जाचक नातेवाइकांचा एकच प्रश्न, लग्न कधी? त्याचं लग्न का होत नाही हे आईला माहीत आहे. गावात बाळ्या आहे, लहानपणचा मित्र. त्याच्यावरही लग्नाचा दबाव आहे. त्यांच्यात जे उमलतं ते फार हळू. बाळ्या त्याच्यासाठी साबर बोंडं आणतो, निवडुंगाची फळं, वरून काटे आणि आत लालभडक गर.

तोवर मी दोन महिने गेम खेळत होते. मला सवय लागली होती की अडलं की काहीतरी दाबायचं. ओटीवर काका बोलत असतात आणि आनंद गप्प असतो, तेव्हा मला त्याला बोलायला लावायचं होतं, दार उघडायचं होतं, त्या काकांना उठवायचं होतं. काही करता येत नव्हतं. जसं आनंदला येत नव्हतं. कॅमेरा हलत नाही, माणसं मोजकं बोलतात, आणि आपण त्याच ओटीवर त्याच्या शेजारी अडकून बसतो. माझ्या आईच्या दहा दिवसांत आमच्या घरी असेच लोक बसले होते आणि मला कोणालाच उठवता आलं नव्हतं. कानवडेंना ही गोष्ट त्यांच्या स्वतःच्या वडिलांच्या जाण्यानंतरच्या दिवसांतून सुचली. ते पाहताना कळतं. सुतकातल्या घरातली दुपारची शांतता ज्याने भोगली नाही, त्याला ती अशी दाखवता येणार नाही.

मध्यंतरात पुढच्या रांगेतला एक तरुण बाहेर न जाता तसाच बसून राहिला. मीही उठले नाही. पायाचं निमित्त होतं.

७. एक हात रिकामा होणं काय असतं, हे मला एका स्वीडिश माणसाने दाखवलं. जोसेफ फारेस मूळचे लेबनॉनचे, स्वीडनमध्ये सिनेमे करत होते. मग त्यांनी 'ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स' हा गेम केला, २०१३ साली. दोन भाऊ आजारी वडिलांसाठी औषधी पाणी आणायला निघतात. डावी स्टिक म्हणजे थोरला, उजवी स्टिक म्हणजे धाकटा. दोघांना एकाच वेळी आपणच चालवायचं. पहिला तासभर माझे भाऊ एकमेकांवर आदळत होते. मग हात जुळले. थोरल्याने हात दिला, धाकटा वर चढला. धाकट्याला पाण्याची भीती, कारण आई बुडताना त्याने पाहिलेली. म्हणून नदी आली की तो थोरल्याच्या पाठीला धरून जातो. भाषा बनावट आहे, एक शब्द कळत नाही आणि सगळं कळतं.

पुढे थोरला जातो. त्याला मातीत पुरायचं कामही आपल्याच हातांनी करायचं. मग धाकटा एकटा परत निघतो आणि माझा डावा अंगठा कंट्रोलरवर नुसता पडून होता. त्याला काही काम नव्हतं. इतक्या सिनेमांत इतके मृत्यू पाहिले, पण गेलेल्या माणसाची जागा अशी तळहातात कधी जाणवली नव्हती. मग नदी येते. धाकटा काठावर अडतो. उजवीकडचं बटण दाबलं, तो मागे सरकतो. पुन्हा दाबलं, नाही. किती वेळ गेला कोण जाणे. मग माझा डावा हात आपोआप हलला, थोरल्याचं बटण दाबलं गेलं, आणि धाकटा पाण्यात शिरला.

मला दादाने पोहायला शिकवलं, गावच्या विहिरीत, पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून. "मी आहे खाली," असं ओरडायचा तो पाण्यातून. आई गेल्यावर घराच्या वाटणीवरून आमचं बिनसलं आणि दोन वर्षं कामापुरतंच बोलणं होतं. त्या रात्री दहाला मी त्याला फोन केला. तो घाबरला, एवढ्या उशिरा काय झालं म्हणून. मी पायाचं सांगितलं. त्याने पावसाचं सांगितलं, सोयाबीनचं सांगितलं. विहिरीला पाणी किती आहे ते मी विचारलं. "काठोकाठ," म्हणाला. गेमबद्दल मी त्याला सांगितलं नाही. कसं सांगणार होते?

८. सगळंच हाताला लागत नाही. तीन मोठे गाजलेले गेम मी अर्ध्यात सोडले. त्यांत माणसं मारणं इतकं सोपं आणि इतकं सतत होतं की मला झोप लागेना. भाचा म्हणतो, त्यात खोल गोष्ट आहे, ती पुढे येते. असेल. दोन सिनेमेही सोडले, त्यांची नावंसुद्धा वहीत घातली नाहीत. आणि रात्रीचे अडीच वाजलेत हे घड्याळात पाहून दचकले, असंही चारदा झालं. भाच्याला मी जे बोलत होते त्यातलं तेवढं खरं होतं.

९. एकच दगड दहा वर्षांनी वेगळ्या ठिकाणी लागतो. नागराज मंजुळेंचा 'फँड्री' मी २०१४च्या फेब्रुवारीत, प्रदर्शित झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात पाहिला. वही काढून बघितली. लिहिलंय, "शेवट अतिशय परिणामकारक. कॅमेऱ्याच्या दिशेने फेकलेला दगड. पडदा काळा." एवढंच. जणू मी एक तांत्रिक गोष्ट टिपून घेतली होती.

या वेळी पाहताना मी त्या डुक्कर पकडण्याच्या प्रसंगापाशी अडकले. शाळकरी जब्या आणि त्याच्या घरचे सगळे डुकरामागे धावत आहेत, सगळं गाव बांधावर बसून बघतंय, शाळेतली मुलंही, जब्याला जी आवडते तीही. डुक्कर हाताशी येतं आणि शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात. जब्या ताठ उभा राहतो. बाप उभा राहतो. डुक्कर निघून जातं. हे सगळं मीही बघत होते, खुर्चीत आरामात बसून, बांधावरच्या लोकांच्याच बाजूने. कॅमेरा मला त्यांच्यातच बसवतो. दोन महिने माझ्या हातात कंट्रोलर होता, कोणी अडलं की मी हलत होते, म्हणून आता हातात काही नसणं मला टोचलं. दगड आला तेव्हा मी मान वळवली. २०१४ साली वळवली नव्हती.

कपाडियांच्या सिनेमात पार्वती आणि तिची मैत्रीण प्रभा रात्री बिल्डरच्या जाहिरातीच्या फलकावर दगड मारतात. तिथे मी त्यांच्या बाजूने होते, मनातल्या मनात माझाही एक दगड होता. 'फँड्री'त मी फलक आहे. हे मला आधी का कळलं नाही, याची लाज वाटते आणि ती मी वहीत तशीच लिहून ठेवली आहे.

१०. दुरुस्त करणं म्हणजे प्रेम, असं मी आयुष्यभर समजत होते. कामच ते माझं. 'स्पिरिटफेरर' हा मॉन्ट्रियलच्या थंडर लोटस कंपनीचा २०२०चा गेम. स्टेला नावाची मुलगी नावाडी होते. मेलेल्यांना नावेत घ्यायचं, त्यांना खोली बांधून द्यायची, आवडीचं रांधून घालायचं, मिठी मारायची, आणि त्यांची वेळ झाली की शेवटच्या दारापर्यंत वल्हवत सोडायचं. मधे लाकूड कापणं, धातू वितळवणं फार आहे, तेवढं कमी हवं होतं. पण रोज सकाळी नावेवर कोण उठलंय, कोणाला काय खायचंय हे बघत फिरणं मला आवडायला लागलं होतं.

तिथे ॲलिस आहे, हेजहॉगच्या रूपातली एक म्हातारी. आधी हुशार, हौशी. मग ती विसरायला लागते. चालता येईना. तिला हात धरून नावेच्या पुढच्या टोकापर्यंत न्यायचं, बसवायचं, संध्याकाळी परत आणायचं. आणि मग ती स्टेलाला ओळखत नाही. तिला तिची मुलगी हवी असते, ॲनी. गेम सांगतो, तसा वेष कर. मी कंट्रोलर खाली ठेवला आणि चार महिने तो गेम उघडला नाही.

माझी आई शेवटची दोन वर्षं माझ्याकडे होती. ती मला 'बेबी' म्हणायला लागली. बेबी मावशी, तिची धाकटी बहीण, १९८७ सालीच गेलेली. "बेबी, शेंगा भाजल्यास का?" "बेबी, दार लाव." आणि मी दर वेळी, दिवसातून वीस वेळा, म्हणत राहिले, "आई, मी बेबी मावशी नाही. ती नाहीये आता. मी तुझी मुलगी." मला वाटायचं, मी तिला धरून ठेवते आहे. दर वेळी तिचा चेहरा पडायचा, कारण दर वेळी तिला बहीण गेल्याची बातमी नव्यानेच मिळायची. वीस वेळा. मी कधी मोजलं नाही, आता मोजते.

डिसेंबरमध्ये भाचा सुट्टीला आला. त्याला सांगितलं, अडकलाय गेम, पुढे जाववत नाही. त्याने काही विचारलं नाही. दुसरा कंट्रोलर जोडला. या गेममध्ये दुसऱ्या खेळाडूला मांजर होता येतं, स्टेलाची डॅफोडिल. तो मांजर झाला आणि नावेवर माझ्या मागेमागे फिरायला लागला. मी रांधलं, बाकीच्यांना वाढलं, शिडी चढले, उतरले. मांजर सोबत. मग कपाटापाशी गेले आणि वेष बदलला.

ॲलिसच्या खोलीत गेले तर तिने वर पाहिलं आणि त्या दुसऱ्या नावाने हाक मारली. पडद्यावर फक्त अक्षरं होती, आवाज नव्हता.

"ओ," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं. भाच्याने माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. मी तिचा हात धरला आणि डावा अंगठा अगदी थोडा पुढे केला, तिला झेपेल इतकाच.